विश्रांतीतलं बटण

एक बटण मनात आण. डोळे मिटायची गरज नाही, उघड्या डोळ्यांनीही आणता येईल. शर्टाच्या गुंडीपेक्षा बरंच मोठं, राखाडी, मधोमध बोट टेकायला खळगा असलेलं. ते एका दोरीत ओवलं आहे आणि ती दोरी एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात आहे. बाई एकटी राहते. सकाळी उठली की ती तोंड धुते, केस विंचरते, खिडकीजवळच्या खुर्चीत शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसते आणि मगच ते बटण दाबते. दाबताना म्हणते, "उठले हो." खोलीत दुसरं कुणी नाही, मग ती हे कुणाला सांगते, असं तू विचारशील. विचारायलाच हवं. ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. बाईला ठाऊक नव्हतं. गोष्ट एवढीच. पण एवढ्याशा गोष्टीला माणसाच्या मनात किती जागा लागते ते बघ.

तो माणूस त्या सकाळी चौकात सिग्नलपाशी उभा होता. खिशातला फोन थरथरला. त्याने काढून पाहिला. पडद्यावर एक हिरवी बरोबरची खूण उमटली होती, तिच्याखाली "मावशी" असं लिहिलं होतं आणि त्याखाली एक वाक्य: "आपली प्रिय व्यक्ती सुरक्षित आहे." रस्ता मोकळा झाला, माणसं चालायला लागली, आणि हा तसाच उभा राहिला. मागून कुणाचा तरी खांदा लागला. "अहो काका, झोपलात का उभ्या उभ्या?" एक तरुण पोरगी हसत पुढे गेली. त्याला अजून काका म्हणवून घ्यायची सवय झाली नव्हती. पण त्याला खिळवलं होतं ते त्या वाक्याने. ते वाक्य त्याचंच होतं. 'प्रिय' हा शब्द ठेवायचा की 'आप्त' म्हणायचं, यावर त्याने एक आख्खी दुपार घालवली होती. ते आज सकाळपासून चार शहरांतल्या घराघरांत जायला लागणार, हेही त्याला माहीत होतं. फक्त ते आपल्याही खिशात येईल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोकांसाठी पाव भाजणाऱ्याच्या ताटात एखाद्या दिवशी आपलाच पाव यावा आणि त्यात खडा आहे हे एकट्यालाच माहीत असावं, तसं त्याला झालं. खूण हिरवीगार होती, ताज्या पानासारखी. ती कशापासून बनते ते तो जाणून होता. ती काहीच न ऐकू येण्यापासून बनत होती.

तो पालिकेत शब्द बसवायचं काम करायचा. चार शहरांनी एकत्र येऊन लोकांसाठी एकच फोनवरची सेवा बनवायचं ठरवलं, तेव्हा त्याला आपल्या शहराकडून त्या कामावर पाठवलं गेलं. कल्पना चांगली होती, आजही त्याला ती चांगलीच वाटत होती. पाणी कधी येणार, बस कुठवर पोचली, कचरागाडी का आली नाही, वाचनालयात जागा आहे का, हे सगळं प्रत्येक शहराने वेगवेगळं कशाला बनवायचं? सगळ्यांनी मिळून एकच नीट बनवावं. दर आठवड्याला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चार चौकटी उजळायच्या. एकीत बंदराच्या शहरातली बाई असायची, कायम घाईत, बोलताना पेन्सिल केसांत खोचणारी. एकीत टेकडीवरच्या शहरातला माणूस, त्याच्यामागे नेहमी धुकं. एकीत कारखान्यांच्या शहरातले दोघं, जे एकमेकांचंच वाक्य पुरं करायचे. आणि चौथ्या चौकटीत हे लोक: साहेब, आलेख काढणारी पोरगी, आणि कोपऱ्यात तो. अभियंते काय बनवायचं ते ठरवायचे आणि ते लोकांना कोणत्या शब्दांत सांगायचं ते हा ठरवायचा. त्याला हे काम आवडायचं. खरखरीत शब्द काढून त्या जागी मऊ शब्द ठेवायचा. 'नकार' काढून 'सध्या शक्य नाही'. 'दंड' काढून 'जादा आकार'. साहेब म्हणायचे, "याच्या हातात दिलं की विंचवालासुद्धा लोक पाहुणा समजतील."

बटण मात्र त्याच्या शहराचं जुनं होतं, सेवेच्या कितीतरी आधीचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पालिका ते द्यायची. सकाळी दाबायचं, की वॉर्डाच्या कचेरीतल्या फळीवर तुमच्या नावापुढचा बारीक दिवा लागायचा. उन्हं वर चढली तरी ज्याचा दिवा लागला नाही त्याला फोन जायचा, फोन उचलला नाही तर माणूस जायचा. म्हणजे त्या शहरात गप्प राहणं ही काळजीची गोष्ट होती. बंदराच्या शहरातही तसंच बटण होतं, एकाच कारखान्यातून आलेलं, दिसायला अगदी जुळं. पण तिथे ते पडलात, छातीत दुखलं, कुणी दारात घुसलं, तरच दाबायचं. दाबलं की मदतगाडी यायची. तिथे गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक. चारही शहरांत एकच पद्धत ठेवायची वेळ आली, तेव्हा बंदराच्या बाईने पेन्सिल खोचत विचारलं, "बटण सारखंच आहे ना? मग अडतंय कुठे?" त्याने तोंड उघडलं होतं. त्याला सांगायचं होतं की बटण सारखं आहे, पण आमची माणसं वेगळ्या सवयीची आहेत. त्याच क्षणी टेबलाखाली साहेबांनी त्याचा गुडघा दाबला. आदल्याच आठवड्यात बाकीच्या तिन्ही शहरांनी या शहराच्या बसपाट्या जशाच्या तशा स्वीकारल्या होत्या, आता आपणही काहीतरी स्वीकारायला हवं होतं. एवढं साधं होतं ते. गुडघ्यावरचा तो दाब त्याला अजूनही कधीकधी जाणवायचा, विशेषतः बसमध्ये बसला की. त्या दिवशी त्याने तोंड मिटलं आणि दुपारी एक सुरेख सूचना लिहिली, की प्रिय ज्येष्ठ नागरिकहो, यापुढे अडचण असेल तेव्हाच बटण दाबावे. ती सूचना सगळ्यांच्या फोनवर गेली. ज्यांना फोनवरचं वाचणं जमत नाही अशांनाच बटणं दिलेली होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या आलं, पण उशिरा, आंघोळ करताना.

मावशीला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मग मी बरी आहे हे त्यांना कळणार कसं?"

"तू दाबलं नाहीस की कळेल."

"न दाबल्यावर?" मावशीने देठ बाजूला ठेवला. "अरे शहाण्या, मेल्यावरही मी दाबणार नाही. मग?"

तो हसला होता. मावशीचं बोलणं असंच, असं मनाशी म्हणाला. पुढे कितीतरी वेळा त्याला ते हसू आठवलं आणि प्रत्येक वेळी ते जरा जास्तच मोठ्याने ऐकू आलं. मावशीने अर्थातच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी केस विंचरून, ताठ बसून तिने बटण दाबलं आणि थोड्याच वेळात खाली मदतगाडी भोंगा वाजवत उभी राहिली. दोन माणसं जिने चढून धापा टाकत आली. मावशीने त्यांना पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी त्यातला एक चिडला. "आजी, खेळणं आहे का हे? तिकडे खरंच कुणीतरी मरत असेल!" मावशीने पाण्याचे पेले उचलून आत नेले. संध्याकाळी त्याला म्हणाली, "मी बरी आहे असं सांगितलं तर माणसं चिडतात, हे मला या वयात नवीनच कळलं." आणि तरी तिने दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. हट्टाने नाही. बोटाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

पुन्हापुन्हा खोट्या हाका देणाऱ्या बटणांसाठी चार शहरांनी मिळून एक नियम केला. असं बटण सेवेने आपोआप मुकं करायचं. त्याची हाक कुठेच पोचणार नाही. अभियंत्यांनी त्या अवस्थेला 'बंद' म्हटलं होतं. त्याला तो शब्द खरखरीत वाटला. एका बैठकीत त्याने सुचवलं, 'विश्रांती'. बंदराच्या बाईला तो इतका आवडला की तिने तो दोनदा म्हणून पाहिला. धुक्यातला माणूस म्हणाला, "वा, यात कुणाचा अपमान नाही." आणि एका सकाळी कामाच्या पडद्यावर त्याने सहज मावशीचं नाव घातलं, तर नावापुढे त्याचाच शब्द लिहून आला होता. विश्रांती. तो बराच वेळ तो शब्द बघत बसला. विश्रांती उठवता येत होती. त्यासाठी मावशीने कचेरीत येऊन 'यापुढे विनाकारण दाबणार नाही' असं कबूल करायला हवं होतं, आणि ती ते करणार नाही, उलट वाद घालील, सगळ्यांसमोर 'मेल्यावर मी दाबेन का' असं विचारील, हे त्याला दिसत होतं. उद्या बघू, असं त्याने ठरवलं. उद्याला काही तोटा नव्हता.

त्याच रविवारी मावशी म्हणाली, "अरे, आधी दाबलं की बोटाखाली बारीक थरथर व्हायची. आता होत नाही. बिघडलं की काय?"

खिडकीत ऊन होतं. तिच्या केसांच्या मुळांशी पांढरी रेघ दिसत होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. शब्द बसवणं हे तर त्याचं पोटापाण्याचं काम होतं.

"नवीन पद्धत आहे," तो म्हणाला. "थरथरत नाही. पण ऐकतात."

"मग गाडी कशी येत नाही?"

"त्यांना आता कळलंय, तू सकाळी नुसतं सांगतेस म्हणून."

मावशीचा चेहरा उजळला. तिने मांडीवर थाप मारली. "बघ! शेवटी आले की नाही वळणावर? चार-चार शहरांना मी शिस्त लावली. तुला एकट्याला नाही लावता आली." ती खळखळून हसली. त्यालाही हसावं लागलं. त्या दिवसापासून ती शेजारणींना सांगायची, की माझं ऐकतात हो.

सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि तो एकदाचा रस्ता ओलांडून गेला. चालताना त्याला मावशीचं पाळणाघर आठवत होतं, का आठवावं ते कळत नव्हतं. आई गेल्यावर तो तिथेच वाढला. एक लांबट खोली, जमिनीवर ओळीने गाद्या, दुपारच्या पडद्यांतून येणारा पिवळट अंधार. मुलं झोपली की मावशी अनवाणी पायांनी ओळीतून फिरायची, वाकून प्रत्येकाच्या नाकाशी बोटाची मागची बाजू धरायची. गालाला हात लावायची नाही, जाग येईल म्हणून. फक्त श्वास बोटाला लागला की पुढे. त्याला ती येताना कळायची, साबणाचा वास आधी यायचा. एकदा त्याने गंमत केली. ती वाकली तेव्हा श्वास रोखून धरला. बोट नाकाशी थांबलं. थांबून राहिलं. त्याला आतून हसू फुटत होतं. मग अचानक दोन हातांनी त्याला उचलून असं काही हलवलं गेलं, की त्याचे दात एकमेकांवर आपटले. त्याने डोळे उघडले, हसला. मावशीने फाडकन मुस्काटात मारली. नंतर दाराआड जाऊन पदरात तोंड घालून कितीतरी वेळ बसली होती. तेव्हा त्याला मार लागला होता तेवढंच कळलं. आता चालताना कळत होतं की तिला त्या क्षणी काय लागलं असेल. गप्प असलेलं मूल बरंच असेल, असं मावशीने आयुष्यात एकदाही गृहीत धरलं नव्हतं.

कचेरीत सगळे ठेवणीतले कपडे घालून आले होते. आणखी तीन शहरं या सेवेत यायला तयार होती आणि त्यांचे लोक आज पडद्यावर असणार होते. भिंतीवर नेहमीपेक्षा जास्त चौकटी उजळल्या, अनोळखी चेहरे, अनोळखी भिंती. आलेखवाल्या पोरीने आपली रेघ दाखवली. त्यांच्या शहरातल्या खोट्या हाकांची रेघ आधी डोंगरासारखी होती, मग उतार, मग सपाट जमीन. "जवळजवळ शून्य," ती म्हणाली आणि स्वतःच थोडी लाजली. टाळ्या झाल्या. बंदराच्या बाईने कौतुकाने मान हलवली. "तुमच्याकडचे म्हातारे फार लवकर शिकले हो. आमच्याकडच्यांना वर्षं लागली." तो त्या सपाट रेघेकडे बघत होता. ती रेघ म्हणजे काय, हे त्या खोलीत त्याला जसं दिसत होतं तसं कुणालाच दिसत नव्हतं. कुठेकुठे खिडक्यांजवळच्या खुर्च्यांत ताठ बसलेली माणसं, विंचरलेले केस, खळग्यात टेकलेलं बोट. सगळी सांगताहेत, आणि सांगणं त्या सपाट जमिनीखाली चाललंय. त्याने हात थोडासा वर केला.

"एक शंका होती," तो म्हणाला.

"बोला ना," पडद्यावरून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे, जी बटणं विश्रांतीत आहेत... त्यांचं..."

"छान शब्द आहे तो," नव्या शहरातला एकजण म्हणाला. "आम्हीही तोच ठेवणार."

"शंका पुढच्या बैठकीत घेऊ," साहेब हसत म्हणाले. "आज पाहुणे आलेत. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडातून इतका सहज सुटला, जणू तिथे दबा धरूनच बसला होता. मग साहेबांना हुरूप चढला. आजपासून सुरू झालेली, घरच्यांच्या फोनवर जाणारी खूण पाहुण्यांना दाखवायची होती. "कुणाची दाखवू? आपल्याच माणसाची दाखवूया. काय हो, तुमच्या मावशी आहेत ना?" त्याने काही म्हणायच्या आत आलेखवालीने त्याचं खातं उघडलं. भिंतभर एक हिरवी खूण पसरली, माणसाएवढी उंच. खाली त्याचं वाक्य. "मावशीबाई ठणठणीत!" साहेब ओरडले आणि सात शहरांनी मिळून टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. हात आपोआप एकमेकांवर आपटत होते आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्याचे असावेत तसा बघत होता.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून त्याने मावशीला फोन लावला. फोन वाजत राहिला. ती बाथरूममध्ये असेल. तिला कमी ऐकू येतं. फोन उशीखाली असेल, नेहमी असतो. शेजारणीकडे गेली असेल, चार शहरांना शिस्त लावल्याचं सांगत असेल. त्याने पुन्हा लावला. आत कुठेतरी, त्या खोलीत, तो वाजत असणार, आणि त्याला ती खोली वाजताना दिसत होती: पलंग, खुर्ची, टेबलावरचा चष्मा. लगेच निघता आलं असतं. पण निघणं म्हणजे आपण घाबरलो आहोत हे कबूल करणं, आणि घाबरलो आहोत हे कबूल केलं की कशाला घाबरलो तेही सांगावं लागतं. निदान स्वतःला. त्याने फोन खिशात टाकला, दुपारभर नव्या शहरांसाठी शब्द तपासत बसला आणि एकाही ओळीचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला नाही. शाळा सुटायच्या वेळेला तो उठला. बायको औषधाच्या दुकानात कामावर होती, मुलीला आणायची पाळी त्याची होती. मुलीला घेऊन सहज मावशीकडे जाऊ, असं त्याने ठरवलं. 'सहज' हा शब्द त्याने मनात दोनदा तपासून पाहिला.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. ती शाळेच्या फाटकातून बाहेर आली तीच बोलत आली, आणि तो घरची वाट सोडून दुसरीकडे वळला तशी म्हणाली,

"बाबा, आपण मावशीआजीकडे चाललोय? मग तू असा तोंड पाडून का चाललायस?"

"मी नाही पाडलं."

"पाडलंयस. आई म्हणते ना, दुकान बंद असल्यासारखं. तस्सं." तिने त्याचा हात धरून ओढला. "बाबा, मावशीआजी बटण दाबते ना, तिकडे कोण असतं? बाई असते की बुवा?"

तो चालत राहिला. "तुला काय वाटतं?"

"बाई असणार. मावशीआजी म्हणाली, बुवांना धीर नसतो ऐकायला." मग थोडं थांबून, "बाबा, सांग ना. असतं ना कुणीतरी?"

"चल लवकर," तो म्हणाला.

मावशीची इमारत पालिकेनेच एकट्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेली होती. प्रत्येक मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, आणि जवळजवळ प्रत्येक दाराच्या चौकटीवर सेवेची छोटी निळी पट्टी. म्हणजे इथे बटणवालं माणूस राहतं. त्याने बेल वाजवली. मग दार वाजवलं. मग हाक मारली. मग आपल्याजवळची किल्ली काढून दार उघडलं.

आत दिवा जळत होता. बाहेर भरदिवसाचा उजेड आणि खोलीत पिवळा दिवा, कुणी विझवलाच नाही असा. म्हणजे काल संध्याकाळपासून. त्याच्या मनाने हे आधी जुळवलं, आणि मग त्याला ती दिसली. पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत, एका कुशीवर, एक पाय विचित्र दुमडलेला. केस मोकळे, विस्कटलेले. असे त्याने ते कधीच पाहिले नव्हते. डोळे उघडे होते. एक डोळा त्याच्याकडे वळला, दुसरा जिथे होता तिथेच राहिला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि त्यातून शब्द निघत नव्हता. पण उजवा हात छातीशी होता, त्या हातात बटण होतं, आणि अंगठा हलत होता. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. दमून थांबायचा आणि पुन्हा दाबायचा. अंगठ्याच्या टोकाची कातडी लाल होऊन सोललेली होती. रात्रभर. सकाळभर, तो सिग्नलला उभा होता तेव्हा. सात शहरं टाळ्या वाजवत होती तेव्हा. जिन्यातून त्याने लावलेला फोन उशीखाली वाजत राहिला तेव्हा. ऐकतात, असं त्याने तिला सांगितलं होतं, म्हणून ती भिंतीवर हात आपटत बसली नव्हती, ओरडायचा प्रयत्नही करत नव्हती. ती त्याच्या शब्दावर विसंबून दाबत राहिली होती.

तो गुडघ्यांवर बसला. तिचा हात धरायला गेला, तर अंगठा थांबेना. त्याने दुसऱ्या हाताने सेवेचा तातडीचा क्रमांक लावला. तिकडचा आवाज तरुण होता, गोड होता. त्याने पत्ता सांगितला, नाव सांगितलं.

"एक मिनिट हं," आवाज म्हणाला. "साहेब, पण इथे तर त्या सुरक्षित दिसतायत."

"मी समोर आहे त्यांच्या!"

"हो, पण पडद्यावर हिरवी खूण आहे. कदाचित दुसऱ्या कुणाच्या..."

"ती खूण खोटी आहे!" तो ओरडला. "कळतंय का? ती खूण काहीच नाही, तिच्यात काहीच नाही, बटण विश्रांतीत आहे, विश्रांतीत म्हणजे बंद, बंद आहे ते, कुणी ऐकतच नाही तिकडे!" आयुष्यात इतक्या खरखरीत शब्दांत तो कधी बोलला नव्हता. तिकडचा आवाज घाबरला, गाडी पाठवते म्हणाला. फोन ठेवताना त्याच्या लक्षात आलं, की मावशीचा तो एक डोळा त्याच्यावरून हललेला नाही. तिला कमी ऐकू यायचं, पण तो फार मोठ्याने ओरडला होता. तिचा अंगठा बटणावर तसाच होता. आता हलत नव्हता.

"मावशी," तो म्हणाला. "मावशी, अगं..."

भिंगरी दारातच उभी होती. तिच्या पाठीवर दप्तर तसंच होतं. बाबा ओरडला ते तिनेही ऐकलं होतं, सगळं. ती रडली नाही. तिने मावशीआजीकडे पाहिलं, बाबाच्या पाठीकडे पाहिलं, मग मागे वळून बोळात पाहिलं. समोरच्या दारावर निळी पट्टी होती. त्याच्या शेजारच्या दारावरही होती. त्याच्या पलीकडच्याही. तिने दप्तर उतरवून भिंतीशी ठेवलं, बोळ ओलांडला आणि समोरचं दार वाजवलं. आतून कुणीतरी खोकत आलं. दार उघडलं तशी ती म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना? बरं." आणि पुढच्या दाराशी गेली. तिथेही विचारलं. त्याच्या पुढच्या दाराशी तिने टकटक केली, थांबली, पुन्हा केली. आतून काही आवाज आला नाही. तेव्हा तिने दोन्ही मुठी वळल्या आणि ती ते दार जीव खाऊन वाजवायला लागली.